खेळात कसले आले वाङ्मय?

मुळशी तालुक्यात मराठी शिकवताना एक विसंगती नेहमी जाणवते. याच तालुक्यातल्या हिंजवडीत हजारोंचा चरितार्थ संगणकावर चालतो. पण वर्गातला विद्यार्थी संगणकावरच्या खेळाबद्दल गांभीर्याने बोलू लागला, की आपण प्राध्यापक हसतो. एकाने ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळमालिकेवर लघुप्रबंध लिहायची इच्छा व्यक्त केली, तेव्हा “खेळात कसले आले वाङ्मय?” एवढ्यावर विषय निकालात निघाला. हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे 2013 आणि 2020 साली आलेले तिचे दोन्ही भाग खेळलो. ते हसू परत घेण्यासाठी हे टिपण.

महासाथीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत जोएल हा मुलगी गमावलेला बाप एली या पोरक्या मुलीला घेऊन निघतो. तिच्या देहात रोगाला रोखणारे काहीतरी आहे. मात्र ते मिळवायचे तर तिचा जीव जाणार. जोएल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला ठार करून तिला पळवतो आणि पुढे तिच्याशी खोटे बोलतो. कादंबरीत आपण हे वाचले असते आणि न्यायाधीश होऊन मोकळे झालो असतो. इथे डॉक्टरला मारल्याखेरीज खेळ पुढे सरकत नाही. बटण आपल्याच बोटाखाली असते.

दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी, ॲबी, जोएलला मारते. सूडाने पेटलेल्या एलीसोबत आपण सिअ‍ॅटलमध्ये तीन दिवस हिंडतो. आणि मग तेच तीन दिवस ॲबी होऊन पुन्हा जगावे लागतात. अखेर एलीवर हात उगारायचा, तोही आपणच. साधारणीकरणाची चर्चा आपण आयुष्यभर केली. शत्रूशी असे सक्तीचे तादात्म्य कोणत्या रंगभूमीने घडवले?

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. पहिल्या भागाने जुळवलेला संवाद दुसरा भाग विरोधाने मोडतो. म्हणून ही कृती मालिका म्हणूनच श्रेष्ठ ठरते. शेवटी एली सूड सोडून परतते, पण दोन बोटे गमावून. जोएलने शिकवलेली गिटार ती हाती घेते. पूर्वी आपणच वाजवलेली ती धून आता आपल्याच हातून तुटत जाते. हा समतोल शब्दांत सांगता येईल. घडवता येणार नाही.

आक्षेप ठाऊक आहेत. हिंसा अतोनात आहे, दुसरा भाग लांबलेला आहे, आणि हा सारा बाजाराचा माल आहे. हे तिन्ही मान्य. पण बहुतेक कादंबऱ्याही सुमारच असतात; म्हणून कादंबरी हा प्रकार आपण अभ्यासक्रमातून काढला नाही.

ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट हाही खेळच होता. सोंगटी चढते कशाने आणि घसरते कशाने, याचा विचार त्याने पटावर मांडला. त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी खेळाला वाङ्मयाच्या दारात अडवू नये. त्या विद्यार्थ्याचा विषय पुन्हा समोर यावा. त्याचे मार्गदर्शन करायला मी तयार आहे.