सावली उसनी, माणूस आपला

गेल्या वर्षी नगरच्या एका वाचनालयात मराठी बोलपटांवर चार शब्द बोलायला मला बोलावले होते. (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. माझ्या जिभेला साठ वर्षांची जुनी सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) मी ‘प्रभात’विषयी भरभरून बोललो. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, शांतारामबापूंनी हे छायाप्रकाशाचे सगळे जर्मन सिनेमावरून घेतले, असे मी वाचले आहे. मग त्यात आपले काय?” सभागृहात हसू पिकले. मी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. आज त्याचे उत्तर देतो.

मुलगा म्हणाला ते खोटे नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. माणसे गेली, अब्रू गेली, आणि १९२३ साली तर चलनाची अशी दुर्दशा झाली की पाव आणायला नोटांची चवड लागे. मी जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. अशा देशातल्या कलावंतांना जग जसे दिसते तसे रंगवण्यात रस उरला नव्हता. घाबरलेल्या मनाला जग कसे भासते, ते त्यांना दाखवायचे होते. चित्रकलेत ही चळवळ १९०५ पासून सुरू झालेली होतीच, ती आता पडद्यावर आली. १९२० सालच्या ‘डॉ. कालिगारी’मध्ये घरे तिरपी आहेत, रस्ते वाकडे आहेत आणि सावल्यासुद्धा नेपथ्याच्या पडद्यांवर रंगाने काढलेल्या आहेत. पुढे मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ आला, फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ आला. जिना, आरसा, भिंतीवर चढत जाणारी सावली ही या चित्रपटांची भाषाच झाली.

ही भाषा महाराष्ट्रात कशी आली? ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला आणि त्याच्या रंगीत प्रतींच्या कामासाठी शांतारामबापू जर्मनीला गेले. रंग काही मनासारखा उतरला नाही. त्या अर्थाने फेरी फुकट गेली. पण हा कोल्हापूरचा माणूस तिथले स्टुडिओ, तिथली यंत्रे आणि तिथले चित्रपट डोळसपणे पाहून आला. रंग आणायला गेला आणि काळोख घेऊन आला, असे म्हटले तरी चालेल. त्यानंतर पुण्याच्या नव्या स्टुडिओत १९३४ साली ‘अमृतमंथन’ झाला. बळी देण्याची प्रथा राजा बंद करतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो, अशी ती कथा. त्यात टेलिफोटो भिंगातून टिपलेला राजगुरूचा एकच डोळा सबंध पडदा व्यापतो. मराठीत ती भूमिका केशवराव दात्यांची आणि हिंदीत चंद्रमोहन यांची. धर्माच्या नावाखाली माणूस किती क्रूर होतो, हे सांगायला त्या डोळ्यापुढे दुसरे भाषण लागत नाही.

पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. १९३७ साली नाझींनी म्युनिकमध्ये एक प्रदर्शन भरवले. नाव ठेवले ‘अधःपतित कला’. ज्या चित्रकारांनी ही दृष्टी घडवली त्यांचीच चित्रे तिथे टिंगलीसाठी टांगली होती. फ्रिट्झ लांगने त्याआधीच देश सोडला होता. आणि त्याच १९३७ साली पुण्यात ‘कुंकू’ पडद्यावर येत होता. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा, तिचे ते घर, तिथले दाटलेले कोपरे आणि काकासाहेबांचे ते जुने घड्याळ आठवून पाहा. पार्श्वसंगीतही नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. मूळ कथा नारायण हरी आपट्यांची, म्हणजे अस्सल मराठी घरातली. बर्लिनमध्ये ज्या सावल्यांनी राक्षस आणि भुते उभी केली, त्यांच्या जोरावर पुण्यात एका मुलीने “हे लग्न मला मान्य नाही” असे सांगितले. ज्या घरात ही कला जन्मली तिथून तिला हाकलले जात होते, तेव्हा आपल्या घरात तिला असे काम मिळाले होते.

आता १९३९ चा ‘माणूस’. यात गणपत हवालदाराचे काम केले ते शाहू मोडक यांनी. हे आमच्या नगरचे. ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा पुढे १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाला आणि घरोघरच्या बायकांनी पडद्याला हात जोडले. माझी आजी नेवाशाकडची, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या भूमीतली. तिने शाहू मोडकांचा ‘माणूस’ जन्मात पाहिला नाही. “माउली त्या बाईच्या माडीवर जाते, ते मी बघू होय?” असे ती म्हणायची.

मी तो पाहिला १९७४ च्या सुमारास, मॅटिनीला, वडिलांबरोबर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पोलिसात हवालदार होते. घरी खाकी वर्दी खुंटीला अडकवली की माणूस गप्प. रात्रपाळीत काय पाहिले, काय केले, यातले एक अक्षर आम्हाला कधी कळले नाही. शाहू मोडक गावचे म्हणून ते सिनेमाला आले, एवढेच. पडद्यावर अंधारी गल्ली आली, चेहरे दिसण्याआधी पावले दिसली, धाड पडली, जिन्यावर सावल्या हलल्या. गणपत मैनेला त्यातून बाहेर काढतो आणि तिथून पुढे त्याच्या सरळ आयुष्याला फाटा फुटतो. शांता हुबळीकरांची मैना जाणत्या वाचकांना सांगायला नको. शेवटी खुनाच्या आरोपावरून ती तुरुंगात जाते आणि तो जगण्याकडे परततो. सगळा देश तेव्हा ‘देवदास’साठी रडत होता. ‘प्रभात’ने त्याला दिलेले हे उत्तर होते.

परत येताना माळीवाड्यापाशी दादा एकाएकी बोलले, “जिना असाच असतो रे. मागे कंदील असला की वर जाताना आपली सावली आपल्याआधी पोचते. आतले लोक आधी तिलाच भितात.” आणि थोड्या वेळाने, “आपणही भितो.” माझ्या वडिलांनी स्वतःच्या नोकरीविषयी माझ्याशी बोललेली ती पहिली वाक्ये. त्या दिवसापर्यंत खुंटीवरच्या वर्दीला मी भीत होतो. त्या दिवसानंतर ती घालणाऱ्याची मला काळजी वाटू लागली.

माझे उत्तर इथे आहे. बँकेत मी जिल्हाभर कर्जे वाटली. आमचा जिल्हा अर्धा पाटपाण्याचा आणि अर्धा दुष्काळी. कर्ज घेतले म्हणून कोणी शेतकरी मला लहान वाटला नाही. मी बघायचो ते एवढेच, की पैसा विहिरीत गेला की लग्नाच्या मांडवात. मांडवातला पैसा चार दिवस झगमगतो आणि मागे हप्ते ठेवतो. विहिरीत घातलेल्या पैशाला पाणी लागले की ते पाणी त्याच रानाचे असते. ते सावकाराचे आहे, असे कोणी म्हणत नाही.

मांडवातली उधळपट्टीही आपल्याकडे पुष्कळ झाली, हे कबूल केले पाहिजे. वीज कडाडली, पडदा उडाला, मेणबत्ती विझली, असे शेकडो चित्रपट त्या जर्मन सावल्यांची नक्कल करून आले आणि विसरले गेले. खुद्द शांतारामबापूंच्या पुढच्या रंगीत चित्रपटांत मला झगमगाट दिसतो, तो काळोख दिसत नाही. म्हणजे उसने घेणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. त्यातून कोणाचे दुःख बोलते झाले, हे पाहायचे.

आणि हा व्यवहार काही एकतर्फी नव्हता. ‘माणूस’ आला त्याच १९३९ साली युद्ध पेटले आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून नगरच्या छावणीत आणले. तिबेटवर पुस्तक लिहिणारा गिर्यारोहक हाइनरिख हारर प्रथम इथेच होता. ‘बॉम्बे टॉकीज’साठी ‘अछूत कन्या’ करणारे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग हेही कैदेत गेले. विर्शिंग यांची बरीच वर्षे तारेच्या कुंपणाआड गेली. सुटल्यावर हा माणूस मायदेशी न जाता इथेच राहिला. १९४९ च्या ‘महल’मधला तो झुलता काळोख त्यांचा, ‘पाकीजा’चे बरेचसे चित्रणही त्यांचे. तसेच चित्रकलेत. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर ही हिटलरच्या छायेतून निसटलेली माणसे मुंबईत आली आणि आरा, रझा, हुसेन यांच्यासारख्या तरुणांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांच्या घरातल्या पुस्तकांतून या मुलांना युरोपची नवी चित्रकला दिसली. आपण सावली उसनी घेतली खरी, पण ज्यांची ती होती त्यांना आपल्याकडे छप्परही मिळाले.

तेव्हा मागच्या रांगेतल्या त्या मुलाला माझे सांगणे आहे. बाळा, सावली जर्मनांची, हे मान्य. पण ती ज्याची पडली तो गणपत हवालदार आपला होता, आणि त्याला ओळखणारे माझे दादाही आपले होते. एखाद्या रविवारी खोलीतले दिवे घालवून ‘माणूस’ पाहा. एकट्याने नको, वडिलांना शेजारी बसव. पाहून झाल्यावर लगेच दिवा लावू नकोस. कदाचित ते काही बोलतील.