कॅमेऱ्याला ऊब दिसते, गाठ नाही

आमच्या दादरच्या सोसायटीत सध्या बायकांसाठी आरोग्य शिबिर घ्यायचं घाटतंय. एक कंपनी थर्मल कॅमेरा घेऊन येणार, स्तनांचा फोटो काढणार आणि एआय लगेच सांगणार, कॅन्सर आहे की नाही. सेक्रेटरी काकांच्या मते जो कॉम्प्युटरवर काम करतो त्याला हे कळलंच पाहिजे. "अरे, हात लावत नाहीत, दुखत नाही, एक्स-रे नाही. मग हरकत काय?"

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण ह्या प्रश्नातला बराचसा भाग डॉक्टरकीचा नाहीच, आकडेमोडीचा आहे. आणि माझं मत असं की कॅमेरा थापा मारत नाही, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणालाही 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवू नये.

आधी कॅमेऱ्याला दिसतं काय ते बघू. आपली त्वचा सतत इन्फ्रारेड किरण बाहेर टाकत असते आणि हा कॅमेरा ते टिपतो. म्हणजे 'शरीराच्या आतला फोटो' हे साफ चूक. हे किरण मिलीमीटरभर मांससुद्धा पार करत नाहीत, त्यामुळे फोटो येतो तो फक्त कातडीच्या तापमानाचा. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, तिथे रक्त जास्त खेळतं, ती ऊब वरपर्यंत पोचली तर त्वचा किंचित गरम दिसते. पोचली तर! गाठ खोल असेल, लहान असेल, किंवा फारशी ऊब देणारी नसेल तर वर काहीच कळत नाही. उलट साधी सूज, जंतुसंसर्ग, अंगावर पाजणं, पाळीचे दिवस, ह्यानेही तापमान बदलतं. सर्व्हरच्या कपाटाला बाहेरून हात लावून आत कुठला प्रोग्रॅम अडकलाय ते ओळखण्यासारखं आहे हे. कधीकधी जमतंही, पण म्हणून कुणी लॉग वाचायचं सोडत नाही.

बरं, कल्पना काही नवी नाही. माँट्रियलच्या रे लॉसन ह्या डॉक्टरांनी १९५६ साली कॅन्सरच्या गाठीवरची त्वचा जास्त गरम असते हे नोंदवलं. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत स्तनांच्या कॅन्सरची मोठी तपासणी मोहीम सुरू झाली, तिच्यात मॅमोग्राफीबरोबर थर्मोग्राफीही होती. पण ती इतके कॅन्सर सोडायला लागली की थोड्याच वर्षांत तिला वगळलं. पुढे अमेरिकेच्या एफडीएने तिला मान्यता दिली ती फक्त दुसऱ्या तपासणीच्या जोडीला म्हणून. २०१९ साली तर मॅमोग्राफीच्या ऐवजी ती वापरू नका, असा जाहीर इशाराच दिला.

मग आता पुन्हा का? कारण कॅमेरे सुधारले आणि फोटो वाचायला मशीन लर्निंग आलं. बेंगळुरूची निरामई ही कंपनी २०१६ पासून ह्यावर काम करतेय. २०२० मध्ये त्यांचा ४७० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कॅन्सर होता त्यांतल्या सुमारे ९१ टक्के पकडल्या, आणि नव्हता त्यांतल्या सुमारे ८२ टक्के बरोबर वगळल्या. आकडे वाईट नाहीत. पण त्यांतल्या साधारण निम्म्या स्त्रियांना आधीच काही ना काही त्रास होता. सोसायटीच्या शिबिरात येणाऱ्या बहुतेक जणी धडधाकट असतात.

इथे आपली आकडेमोड. समजा १००० बायका आल्या आणि त्यांतल्या ५ जणींना खरंच कॅन्सर आहे. वरच्या हिशोबाने चार-पाच जणी सापडतील. छान! पण उरलेल्या ९९५ पैकी १८ टक्के, म्हणजे जवळजवळ १८० जणींना उगाच 'संशयास्पद' असा कागद मिळेल. त्यांची झोप उडणार, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, काहींच्या सुया. हे एक वेळ निस्तरता येतं. पण निसटलेली एक जर निघाली, तर तिच्या हातात 'नॉर्मल' लिहिलेला रिपोर्ट असेल. नंतर गाठ हाताला लागली तरी ती म्हणेल, "परवाच तर तपासलंय."

डेमो चालणं आणि प्रॉडक्शनमध्ये चालणं ह्यातला फरक आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. तपासणीच्या बाबतीत प्रॉडक्शन म्हणजे, तिच्यामुळे मरणं कमी झाली का?

आणि हा प्रश्न कसा सोडवायचा ते बघायला लांब जायला नको. दादरहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, परळला टाटा हॉस्पिटल आहे. त्यांनी १९९८ साली मुंबईतल्या झोपडवस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया घेऊन दोन गट केले. एका गटात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने स्तन तपासले. यंत्र नाही, वीज नाही! निकाल २०२१ मध्ये 'बीएमजे'त आला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यूंत फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी छापलं. त्याच प्रकल्पात गर्भाशयमुखाची तपासणी पातळ अॅसिटिक अॅसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगर, लावून केली, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मला ह्याचा जरा अभिमानच वाटतो. बोटं आणि व्हिनेगर! पण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा हिशोब आहे. थर्मल कॅमेऱ्यामागे असा हिशोब अजून नाही. उद्या कुणी तो केला आणि मरणं घटलेली दाखवली, तर मी स्वतः शिबिराची पत्रकं वाटेन.

कॅमेऱ्याची बाजूही खरी आहे. मॅमोग्राफीचं यंत्र महाग, रेडिऑलॉजिस्ट कमी, तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत मॅमोग्राफी नीट वाचता येत नाही, आणि परक्या माणसाने हात लावण्याचा संकोच तर आहेच. म्हणून हे संशोधन व्हायलाच हवं. फक्त ते आपल्या आई-मावशांना न सांगता त्यांच्यावर होऊ नये.

काकांना मी तीन अटी सांगितल्यात. शिबिरात हाताने तपासणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी, संशय आला तर पुढे कुठे जायचं ते आधीच ठरलेलं हवं, आणि रिपोर्टवर 'ही तपासणी मॅमोग्राफीच्या ऐवजी नाही' हे मराठीत, मोठ्या अक्षरात हवं. कंपनीला तिसरी अट जड जाईल असं दिसतंय.

आणि तुम्हाला एवढंच सांगणं की घरात कुणाला गाठ लागली, त्वचेला खळी पडली, स्तनाचा आकार बदलला, बोंडातून रक्त आलं, तर कॅमेरा काय म्हणाला ते विसरा. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. शेवटचा शब्द बायोप्सीचा असतो, फोटोचा नाही.