जूनमध्ये लावलेले रोप मे महिन्यात का जळते?



आपल्या वरणगावात दर पावसाळ्यात रोपे लागतात. फॅक्टरीच्या वसाहतीत लागतात, शाळेत लागतात, गल्लीतही लागतात. पुढच्या मे महिन्यात मात्र बऱ्याच ठिकाणी नुसती जाळी उभी दिसते, आत वाळकी काडी. "रोज तांब्याभर पाणी घालत होतो, तरी जळाले," असे मंडळी म्हणतात. म्हणणे खरे असते. चूक कष्टात नसते, झाड कसे जगते हे ठाऊक नसण्यात असते. म्हणून या वेळी तेच पाहू.

झाडाचा संसार जमा-खर्चावर चालतो. पाणी जमा करतात ती मुळे, आणि तीही जाड मुळे नव्हेत, तर टोकाजवळची केसासारखी बारीक मुळे. खर्च करतात ती पाने. पानावर, बहुधा खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून कर्बवायू आत येतो आणि सूर्यप्रकाशात पान त्याचे व पाण्याचे अन्न करते. पण दार उघडले की आतली वाफही बाहेर जाते. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असे हवेत निघून जाते. वर वाफ गेली की खालचे पाणी खोडातल्या बारीक नळ्यांतून वर ओढले जाते. झाडाला पंप लागत नाही तो यामुळेच. 1894 साली डिक्सन आणि जोली या डब्लिनच्या दोन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट मांडली.

आता आपला उन्हाळा पाहा. पारा 45 अंशांवर जातो, गरम वारा सुटतो. पानाने दार उघडे ठेवले तर पाणी संपते, बंद ठेवले तर चूल विझते. मग झाडाने करायचे काय?

उत्तर सातपुड्यात आहे. तिथला साग उन्हाळ्यात पानेच गाळून टाकतो. खर्च बंद! खानदेशातला अंजन तर मुरमाड, खडकाळ जमिनीत उभा राहतो. त्याचे रोप लहानपणी वर वाढण्याची घाई करीत नाही. आधी सोटमूळ खोल धाडते, मग उंची घेते. कुणी विचारील, "विहारापुढचा पिंपळ ऐन उन्हाळ्यात कोवळी पाने कशी काढतो?" त्याची मुळे वर्षानुवर्षे खोल, दूरवर गेलेली असतात. कालच्या रोपाची कमाई तेवढी नसते.

वनखात्याची सागाची लागवड याच शास्त्रावर चालते. रोपवाटिकेत वर्षभराचे रोप उपटतात. पाने व वरचे खोड छाटून इंचभर बुंधा ठेवतात. खाली साधारण वीतभर सोटमूळ राखतात, बाजूच्या मुळ्या काढतात. याला सागाची जडी म्हणतात. पाऊस लागला की पहारीने भोक पाडून ती लावतात. पाहणाऱ्याला वाटते, हा मेलेला खुंट! पण त्या मुळात वर्षभराचे पिष्ट साठलेले असते. पाने नसल्याने पाण्याचा खर्चही नसतो. त्या शिदोरीवर नवे मूळ आणि नवा कोंब जोडीने वाढतात.

आपण नेमके उलटे करतो. डोक्याइतके उंच, भरपूर पानांचे रोप छोट्या पिशवीतून आणतो. जागा नसल्याने आत मुळे गोल गुंडाळलेली असतात. पिशवीसकट किंवा तसाच गोळा पुरला, तर ती मुळे तिथेच फिरत राहतात. पावसाळाभर झाड बरे दिसते. उन्हाळ्यात खर्च मोठा आणि कमाई थोडी, म्हणून ते जळते.

तेव्हा एवढे करावे. खड्डा उन्हाळ्यातच दीड फूट लांब, रुंद व खोल खणून ठेवावा. चांगला पाऊस झाल्यावर पिशवी फाडून काढावी, खोड धरून रोप ओढू नये. गुंडाळलेली मुळे हलकेच मोकळी करावीत, वेटोळी कापावीत. पावसाळा सरल्यावर रोज तांब्याभर पाणी घालू नये. त्याने वरची माती तेवढी भिजते आणि मुळेही वरच राहतात. आठवड्यातून एकदोनदा आळे भरून पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. मात्र आपली काळी माती सतत चिखल ठेवली तर मुळांचा श्वास कोंडतो. आळ्यात पालापाचोळा पसरावा, तो जाळू नये. असे निदान दोन-तीन उन्हाळे सांभाळावे.

आणखी एक. पानात झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. जाळीची तार खोडात रुतली की मुळे उपाशी मरतात, आणि मागून झाड. तार वेळोवेळी सैल करावी.

2019 साली आपल्या राज्यात 33 कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य होते. लक्ष्य लावण्याचे असते, पण सावली जगलेले झाडच देते. रोजगार हमीवर भर उन्हात खड्डे खणणाऱ्या आयाबहिणी आपल्याच घरच्या आहेत. रोप मेले की त्यांचा घाम मातीत जातो. म्हणून जूनमध्ये रोप लावताना फोटो जरूर काढा, पण झाडांची हजेरी पुढच्या मे महिन्यात घ्या. मुलांना सोबत न्या आणि गल्लीतली किती जगली ते त्यांनाच मोजू द्या.