माघारी फिरणाऱ्यांचाही सत्कार करा

चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या पाहुण्यांना दोनच गोष्टी आठवतात, ताडोबाचा वाघ आणि मे महिन्यातलं पंचेचाळीसच्या वरचं ऊन. बर्फ आम्हाला दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर! पण याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पोचली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. 'मिशन शौर्य' हे त्या मोहिमेचं नाव. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या पाच जणांची नावं घेतली तेव्हा ऊर भरून आला.

मोहिमेवर गेलेली मुलं मात्र दहा होती. उरलेल्या पाच जणांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

मंडळी, माझा मुद्दा इथेच सुरू होतो. हिमालयात जिवंत राहायचं तर सगळ्यात आधी शिकावी लागते ती माघार, आणि आपण सत्कार करतो फक्त शिखराचा.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध दगड नव्हे. तो थरावर थर साचत जातो. कडक थंडीत एखाद्या थराचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर वाऱ्याने वाहून आणलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. वरून सगळं पांढरंशुभ्र, पक्कं. मग नवा बर्फ पडतो, किंवा एकदम ऊन तापतं, किंवा एका माणसाचं वजन पडतं, आणि खालचा थर बसून अख्खी लादी सुटते. अशी हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर आशा असते. अर्ध्या तासानंतर ती फारच थोडी उरते. म्हणजे वाचवणारे सोबतचेच लोक, खालून येणारी मदत नव्हे.

अनुभवी माणसाला बर्फ ओळखतो, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात 'द्रौपदी का डांडा-२' शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू अवघ्या सोळा दिवसांत सर केले होते.

आता आपल्या जंगलाकडे या. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे बायका टोपल्या घेऊन रानात जातात. चितळाने इशारा दिला, वानर झाडावरून खेकसलं, की शहाणी बाई टोपली अर्धी असली तरी मागे फिरते. तिला कोणी भित्री म्हणत नाही. बर्फही असाच इशारा देतो. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज येतो, पावलापासून भेग पळत जाते, शेजारच्या उतारावरून बर्फ सुटलेला दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना इशारा ऐकायचं बाळकडू घरातच मिळालेलं असतं. त्यांना फक्त बर्फाची भाषा शिकवायची आहे.

पण ऐकूनही मागे फिरणं सोपं हवं ना! कुडाच्या घरातून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला माहीत असतं, वर पोचलो तर मिरवणूक, बक्षीस, कदाचित नोकरी. शंभर मीटर खाली थांबलो तर काहीच नाही. अशा वेळी ते 'धप्प' त्याच्या कानापर्यंत पोचेल का?

कोणी म्हणेल, मग शिखर गाठणाऱ्यांचं कौतुक करायचंच नाही का? जरूर करा, ढोल वाजवून करा. पण निवड झालेल्या आणि नीट परत आलेल्या प्रत्येकाला त्याच मांडवात, त्याच रांगेत बसवा. जीव धोक्यात घालणारा फरक बक्षिसात ठेवू नका.

आणि हो, आपल्याकडची मुलं हल्ली सुट्टीत हिमालयात ट्रेकला जातात. काकू-मावशी स्वेटर, लाडू, मोजे सगळं विचारतात. त्यासोबत नेणाऱ्यांना एवढंही विचारा: हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघणार? गाडलेल्याला शोधायची यंत्रं आणि फावडी सोबत आहेत का? आणि मागे फिरायचं कोण ठरवणार?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर लाडू घरीच खाऊ द्या.