स्वतः ब्रेक मारणारी कार आणि मागचा केळीचा ट्रक

जळगावहून धुळ्याकडे निघालात की एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात हे दृश्य हमखास दिसतं. शिवाररस्त्यावरून ट्रॅक्टर येतो आणि पुढचं चाक महामार्गाच्या डांबरावर घालतो. कारवाला डिपर मारतो, ट्रॉलीवर बसलेला हात करतो. सेकंदभरात ‘तू थांब, मी जातो’ ठरतं आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात.

आता यातली कार स्वतः निर्णय घेणारी असेल तर?

सध्या काय स्थिती आहे?

पूर्ण चालकविरहित गाड्या आपल्याकडे विक्रीला नाहीत. चालकांचा रोजगार जाईल, म्हणून त्या येऊ देणार नाही, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात म्हणाले होते. पण अर्धी वाट आपण चालून आलोय. ‘अडास’ म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. ती पुढच्या वाहनापासून अंतर राखते, धोका दिसला की आपोआप ब्रेक लावते. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० मध्ये ती आली. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते.

अडचण कुठे?

ही यंत्रणा अंतर आणि वेग मोजते. ट्रॉलीवरच्या हाताचा अर्थ तिला कळत नाही. चाक डांबरावर आलं की ती कचकन ब्रेक लावू शकते. नियमाने तिचं चुकत नाही, पण मागे रावेर-सावद्याचा केळीचा ट्रक असतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तो सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तरी २५ मीटर संपले. ‘कार निघून जाईल’ हा त्याचा अंदाज अनुभवातून आलेला असतो. यंत्र तोच अंदाज मोडतं.

मग करायचं काय?

अमेरिकेत ‘वेमो’च्या चालकविरहित टॅक्सी आधी अनेक वर्षं शहरात फिरल्या, फ्रीवेवर प्रवासी घेऊन जायला त्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरुवात केली. तिथे महामार्गाला मिळण्याआधी वेग घ्यायला वेगळी मार्गिका असते. आपल्याकडे जळगावकरांना साध्या समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं करावी लागली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गाडी हुशार करण्याआधी रस्त्याचं तोंड नीट करा. गावरस्ता जिथे महामार्गाला मिळतो, तिथे वेग घ्यायला जागा द्या. नवी बस आणि ट्रक यांतही आपोआप ब्रेक बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. तो योग्यच आहे, पण रस्त्यावरचे जुने ट्रक एका रात्रीत बदलणार नाहीत.

तोवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुमच्या कारमध्ये अडास असेल, तर फाटा दिसताच पाय ब्रेकजवळ आणा आणि आरशात मागे बघा. ती नसेल, तर पुढच्या नव्या कारपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. ती कधी थांबेल, हे तिच्या चालकालाही ठाऊक नसतं.