फॉर्म भरला, पण निरोप पोचला का?



हापूस, बेदाणा, गूळ, तांदूळ असा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या अनेक कुटुंबांनी आता आपली वेबसाइट केली आहे. तीवर 'संपर्क' असा एक फॉर्म असतो. गिऱ्हाईक त्यात नाव, ईमेल पत्ता व मागणी लिहून बटण दाबते. 'धन्यवाद, आपला संदेश मिळाला' अशी अक्षरे उमटतात व ते निर्धास्त होते. इकडे आपल्या पेटीत मात्र काहीच येत नाही. हापूसचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. त्यात मागणी चार दिवस अडकली, तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. शिवाय 'यांनी साधे उत्तरही दिले नाही' असा समज कायम राहतो.

'धन्यवाद' याचा अर्थ फॉर्म भरला गेला, एवढाच. त्यानंतर वेबसाइटच्या सर्व्हरने आपल्याला ईमेल पाठवायचा असतो. घोटाळा होतो तो तेथे.

ईमेल पाठविण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली ठरली. पाठविणारा खरा कोण, हे तपासण्याची सोय तीत नव्हती. भामट्यांनी याचा फायदा घेतला, म्हणून पुढे तपासणी आली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पाठविणाऱ्याची ओळख पटणे आवश्यक केले आहे. ओळख न पटलेला ईमेल स्पॅममध्ये पडतो किंवा परत फिरतो. यासाठी पुढील बाबी वेबसाइट करून देणाऱ्याकडून करून घ्याव्यात.

१) पाठविणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचा पत्ता घालू नये. ही चूक फार आढळते. आपला सर्व्हर याहूच्या नावाने पत्र पाठवू लागला, तर ते खोटे ठरते. अशी पत्रे नाकारावीत, असे याहूने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर केले. पाठविणारा म्हणून आपल्या डोमेनचाच पत्ता ठेवावा. गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू' या जागी घालावा, म्हणजे उत्तर थेट त्याला जाते.

२) ईमेल रीतसर खात्यातून, पासवर्ड देऊन पाठवावा. यासाठी सहसा ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट वापरतात. जीमेलचे खाते वापरायचे असल्यास नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घ्यावा. येथे मात्र पाठविणारा म्हणून त्या जीमेल खात्याचाच पत्ता राहतो.

३) आपल्या डोमेनचा पत्ता वापरणाऱ्यांनी डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी कराव्यात. सोसायटीच्या खात्यावर कोणाची सही चालेल हे बँकेला आधी कळवतो, तशी 'एसपीएफ' ही नोंद. आपल्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवतील, ते तीत असते. ही नोंद एकच असावी. दोन झाल्या तर तपासणी फसते. 'डीकेआयएम' म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. या दोहोंपैकी एकही आपल्या नावाशी जुळले नाही तर पत्राचे काय करावे, ही सूचना म्हणजे 'डीमार्क'.

४) प्रत्येक निरोपाची प्रत वेबसाइटवरच साठवून ठेवावी. ईमेल हुकला तरी मागणी हाती राहते. दर आठ दिवसांनी ही प्रत व स्पॅमची पेटी दोन्ही पाहावीत.

५) पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आपण उगवण पाहतो, तशी फॉर्मचीही चाचणी घ्यावी. स्वतः फॉर्म भरावा, मग वेगळ्या कंपनीचा ईमेल असलेल्या नातेवाइकाला भरायला सांगावा. संगणकावर जीमेलमध्ये तो ईमेल उघडून 'शो ओरिजिनल' निवडावे. तेथे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क यांपुढे 'पास' असे दिसले पाहिजे.

होस्टिंग बदलले, पासवर्ड बदलला वा डोमेन दुसरीकडे नेले, की ही चाचणी पुन्हा घ्यावी. आणि फॉर्मशेजारी आपला फोन नंबर ठळक अक्षरांत अवश्य द्यावा.