घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



दर अंकात आम्ही लागण, खोडवा, पाचट यांवर चार शब्द लिहितो. या खेपेस विषय उसाचा नाही. ऊस पिकवणाऱ्याच्या आणि वाहणाऱ्याच्या झोपेचा आहे. हंगाम तोंडावर आला, म्हणून आत्ताच लिहितो.

आपल्याकडे गडी मोठ्याने घोरू लागला की म्हणतात, "काय गाढ झोपलाय बघा!" आणि तोच दुपारी पारावर पेंगला की त्याला कुंभकर्ण ठरवून मोकळे होतात. या दोन्ही समजुती चुकीच्या असू शकतात, हे आम्ही स्वतःवरून शिकलो. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड, डोके ठणकते, तोंड कोरडे. गट ऑफिसात लागण नोंदी तपासता तपासता डोळा लागायचा. सभासद हसायचे, आम्हीही हसण्यावारी न्यायचो. एकदा प्लॉट पाहून येताना मोटारसायकल रस्ता सोडून थेट चारीच्या कडेला गेली, तेव्हा हसू आटले. घरी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही घोरता घोरता एकदम गप्प होता. श्वासच चालत नाही. मग गुदमरल्यागत दचकता आणि पुन्हा घोरायला लागता." आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्याला हा आजार असतो त्याला तो दिसत नाही. दिसतो तो शेजारी झोपणाऱ्याला.

डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाईप नरम पडला तर मोटार ओढू लागताच तो चपटा होतो आणि पाणी तुटते. घशाचे तसेच आहे. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वास ओढताना वाट मिटते. १० सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ हवा थांबते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धक्का देऊन जागे करतो. तासाला ५ पेक्षा जास्त वेळा असे झाले तर दखल घ्यावी लागते. ३० वेळा झाले तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी झोपमोड. मग आठ तास अंथरुणात काढूनही झोप कुठली?

दुखणे नुसत्या पेंगण्यावर थांबत नाही. रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका त्याने वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. रात्रीच्या लाईटला बारे धरणाऱ्याला दिवसा झोप येणारच, तो आजार नव्हे. पण पुरेसे झोपूनही पेंग येते, घोरताना श्वास तुटतो, रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, सकाळी डोके दुखते, विसराळूपणा आणि चिडचिड वाढते, ही लक्षणे एकत्र दिसली तर सावध व्हावे. जाड मान आणि सुटलेले पोट असणाऱ्याला धोका अधिक. पण सडपातळ माणसालाही हा आजार होतो. पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो, आणि "बाईमाणूस घोरते" हे सांगायची लाज वाटते म्हणून दडून राहतो.

आता आमचे मत. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहे का, हे आपण हंगामाआधी बघतो. पण दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ड्रायव्हरच्या झोपेचे काय? कोणी म्हणेल, तो वाहतूकदाराचा प्रश्न. पण त्या रस्त्याने पहाटे क्लासला सायकलवर जाणारी पोरे आपलीच असतात. म्हणून हंगामापूर्वी ड्रायव्हरांची डोळे तपासणी होते तिथे झोपेचेही चार प्रश्न विचारावेत. आणि ज्याला त्रास निघेल त्याचे काम तोडू नये. उपचार होईपर्यंत त्याला रात्रीच्या खेपा देऊ नयेत, एवढेच. नाव वगळले, तर पुढच्या साली कोणी खरे सांगणार नाही.

उपाय आहेत. वजन उतरवावे, रात्रीची दारू बंद करावी, कुशीवर झोपावे. डॉक्टरला विचारल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नये. घरच्यांनी मोबाईलवर घोरण्याचे चित्रण करून कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरला दाखवावे. ते रात्रभराची झोपेची तपासणी सांगतात. आजार निघाला तर नाकावर मुखवटा लावून हवेचा हलका दाब देणारे मशीन मिळते. त्या दाबाने वाट उघडी राहते. मशीन स्वस्त नाही, आणि पहिले आठ दिवस आम्हालाही ते नकोसे झाले. पोरे म्हणाली, बाबा फवारणीला निघाले! पण महिनाभरात सकाळ सकाळसारखी वाटू लागली.

उसाचे पान पिवळे पडले की आपण बांधावर उभे राहून विचार करतो. घरातल्या माणसाचा श्वास अडखळतो, तोही एक रात्र जागून ऐकावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी